पासवर्ड टाकताना मी खिडकीकडे बघतो

३ मार्च, सोमवार
आजपासून ऑफिसात लिनक्सचं ट्रेनिंग. पाच दिवस, वरच्या हॉलमध्ये. सगळी मशीन्स आता या फुकटच्या, ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर जाणार. शुक्रवारी प्रॅक्टिकल परीक्षा. साहेबांनी स्पष्टच सांगितलं, आमच्या सेक्शनमधला एक सिस्टीम इन्चार्ज होईल आणि दुसरा तळघरात रेकॉर्डला जाईल. सेक्शनमध्ये माणसं दोनच. मी आणि माझा साडू. म्हणजे ठरल्यात जमा. बिचाऱ्याला दमा आहे, खाली धूळ फार. पण मी तरी काय करू?
संध्याकाळी हिला सांगून टाकलं, इन्चार्ज झालो. झालात की व्हायचंय, असं तिने विचारलं. खवचटपणा माहेरचा.

४ मार्च, मंगळवार
एका मशीनवर दोघं. माझ्या गळ्यात साडू. ट्रेनर म्हणजे पोरगेलीशी मुलगी. छोटा व्हिडिओ दाखवते, थांबवते, मग जसंच्या तसं आपण करून बघायचं. मला बघूनच कळतं. करून बघणं हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी.
इथे सगळं कमांडवर चालतं. कमांड म्हणजे हुकूम. त्याची मला सवय आहेच. मी सांगतो, साडू टाइप करतो. कधी कधी मी सांगायच्या आत करून मोकळा होतो. आगाऊ.
ठराव: रोज घरी अर्धा तास सराव.

५ मार्च, बुधवार
सराव नाही. डोकं जड होतं.
आज जुना प्रोग्रॅम काढून नवा टाकला. छान जमलं आम्हाला. महत्त्वाचं काही करायचं म्हटलं की हे मशीन दर वेळी पासवर्ड मागतं. साडू तो टाकायला लागला की मी खिडकीकडे बघतो. दुसऱ्याच्या पासवर्डात डोकावू नये. संस्कार असतात एकेकाचे.
साडू म्हणाला, साडूभाऊ, जरा तुम्हीपण कीबोर्डला हात लावा. दमला असणार. म्हटलं, तू कर रे, मी आहे ना.

६ मार्च, गुरुवार
ट्रेनरने शंका विचारायला सांगितल्या. मला शंका नव्हती. तिच्या शिकवण्यातल्या दोन चुका मात्र सांगितल्या. पोरीने लगेच पुढचा व्हिडिओ लावला.
साडू म्हणाला, संध्याकाळी घरी या, माझ्या लॅपटॉपवर दोघं हात बसवू, जेवूनच जा. म्हणजे उद्या हाच जगभर सांगणार की मी शिकवलं! गेलो नाही. ही गेली बहिणीकडे एकटीच. मी घरी बसून व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर केला. लिनक्सवर मराठीत पुस्तक लिहावं असंही वाटू लागलंय.

७ मार्च, शुक्रवार
घातपात!
परीक्षेला प्रत्येकाला वेगळं मशीन. पहिलाच प्रश्न, अमुक प्रोग्रॅम इन्स्टॉल करा. कमांड पाठ होती, एका बोटाने का होईना, टाइप केली. मशीनने पासवर्ड मागितला. दाबतोय, दाबतोय, स्क्रीनवर काही नाही. अक्षर नाही, टिंब नाही, फुली नाही. ढिम्म. कमांडपर्यंत चाललेला कीबोर्ड नेमका पासवर्डला मेला! बदलून मागितला. दुसराही मेलेला. तिसराही.
ट्रेनर आली. म्हणे, काका, इथे पासवर्ड दिसत नाही, तुम्ही टाइप करून एंटर दाबा. दिसत नाही म्हणे! मी काय दूधखुळा? चार दिवस समोर बसून बघितलंय सगळं. एंटर दाबलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. वेळ संपली.
साडूचा पेपर कधीच झाला होता. माझ्याकडेच बघत होता. हसत नव्हता. आतून हसत असणार.

८ मार्च, शनिवार
लेखी तक्रार दिली. तीन सदोष कीबोर्ड, नंबरांसकट. प्रत वरच्या साहेबांना.
मेहुणीचा फोन आला, साडू पास. ही फोनवर हसून बोलली. फोन ठेवल्यावर माझ्याशी बोलली नाही.

१० मार्च, सोमवार
साहेबांनी बोलावलं. तक्रार मागे घ्या, येत्या शनिवारी अकराला तुमची पुन्हा परीक्षा घेतो, म्हणाले. साडूनेच रदबदली केली म्हणे. उपकार! आणि तेही त्याचे! साहेबांना सांगितलं, आधी कीबोर्ड तपासा.
ही म्हणाली, अहो, घ्या ना मागे. तुम्ही दोघं उद्या एकमेकांचं तोंड बघणार नाही, आणि आम्ही सख्ख्या बहिणी. बायकांना तत्त्व कळत नाही.

१५ मार्च, शनिवार
अकरा वाजता न्हाव्याकडे होतो. पुढे चार गिऱ्हाइकं होती, तरी बसून राहिलो. फोन चालू ठेवला होता. ऑफिसातून कुणीतरी बोलवायला हवं होतं. कुणी बोलावलं नाही.
ठराव: आता ते हातापाया पडले तरी जायचं नाही.

१७ मार्च, सोमवार
ऑर्डर निघाली. साडू इन्चार्ज. मी तळघर.
मी इन्चार्ज झालो, हे हिने मागेच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. संध्याकाळी दार लावून एकेकीला फोन करत होती. काय सांगत होती ते ऐकू आलं नाही. ऐकायला दाराशी उभा होतो, हे इथे लिहायला हरकत नाही.

२४ मार्च, सोमवार
तळघर. एक ट्यूबलाइट, रॅक, गठ्ठे. खिडकी नाही.
दुपारी साडू मशीन बसवायला आला. हे काम शिपायावर सोडता आलं असतं. धुळीने खोकत खोकत टेबलाखाली शिरून वायरी जोडल्या. मी खुर्चीवर होतो. मग म्हणाला, साडूभाऊ, तुमचा पासवर्ड तुम्हीच टाका. आणि तोंड फिरवून रॅककडे बघत उभा राहिला.
टाकला. स्क्रीनवर काही उमटलं नाही. बराच वेळ बसून राहिलो. तो खोकत होता, पण वळला नाही. शेवटी एंटर दाबलं.
उघडलं.
काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, हा कीबोर्ड चांगला दिसतोय. तो म्हणाला, परीक्षेतलाच आहे. तुमच्या तक्रारीनंतर कुणी घेईना, म्हणून स्टोअरने इकडे पाठवला.
आताही हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.