रिकाम्या माळाचा फोटो

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
धावडा, ४ मे २०२५

चि. रेणुकास, आजी कडूबाईचा पोटभर आशीर्वाद.

वि. वि. इकडं समदे खुशाल. फोनवर तुझा बाप मला दोन गोष्टींच्या वर बोलू देत न्हाई, म्हणून म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं लिहून राह्यले. काने-मात्रे तू भर.

काल तुझ्या हाफिसाची गाडी आपल्या माळावर आल्ती. मी मेंढरं घेऊन तिथंच होते. आपल्या रेणीच्या हाफिसचे लोक म्हणल्यावर काय करू न् काय नको असं झालं. फडक्यातले धपाटे दिले, घरी आणून चहा पाजला. चष्म्यावाल्या साहेबानं विचारलं, माळावर झाडं किती. मी छाती फुगवून सांगितलं, एकसुद्धा न्हाई. असा माळ धुंडून मिळायचा न्हाई. लांडग्याला लपायला जागा न्हाई, कोकरू कुठंबी असो, नजरेत राहतं. साहेब लई खूश झाला, बराबर लिहून घेतलं. तुझं नाव राखलं बघ मी.

खाणावळीचं तिखट कमी खा. माया करतीस तशी करत राहा.

तुझी आजी

जालना, १२ मे २०२५

ती. आजीस शि. सा. न.

वि. वि. तुझं पत्र वाचून आधी हसले, मग साहेबांनी लिहून आणलेला कागद काढून बघितला. अंबडकडं रस्ता रुंद करताना जुनी झाडं तोडली. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडं झाडं लावायची, असा नियम आहे. आमचं ऑफिस त्यासाठी जागा शोधतं. झाड नाही ती जागा कागदावर ओसाड. तू सांगितलंस आणि साहेबांनी आपलं गायरानच पक्कं केलं. तारेचं कुंपण येईल, मेंढरं आत जाणार नाहीत.

मेंढरांनी चरायचं कुठं, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, झाडं लावणं पुण्याचं काम, त्यात घरचं आणू नकोस. आता जागा रिकामी असल्याचा एक फोटो हवा. त्यासाठी ते वीस तारखेला येतील. फोटो माझ्या टेबलावर येईल आणि त्याखालचा अहवाल मलाच लिहायचाय. नोकरी नवी आहे, आजी. काय करू, कळत नाही.

रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.

तुझी रेणुका

धावडा, २१ मे २०२५

चि. रेणुकास आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र ऐकून तुझा बाप शिवशंकर म्हणतो, मेंढरं विकून टाकू. मी म्हणलं, आधी मला विक.

हा कुठला नियम गं? जावेचा पाळणा मोडला म्हणून माझ्या बाजेचे पाय कापायचे? अन् अंबडची सावली गेली ती गेलीच. मी काय झाडाची वैरीण न्हाई, दारातला लिंब मीच लावला. तुझा आजा म्हणायचा, लिंबाला पाणी घालतीस, मला न्हाई विचारत. ते जाऊ दे. गवतातबी जीव नांदतो. टिटवी तिथंच उघड्यावर अंडी घालती, तिथंच खड्डे पाडणार. ह्याला भरपाई म्हणायचं?

काल साहेब आला. फोटोसाठी मेंढरं बाजूला घ्या म्हणला. घेतली, पाव्हण्याचा मान. मंग म्हणला, आजी, तुम्हीबी सरका, रिकामं दिसलं पाहिजे. तिथं माझं डोस्कं फिरलं. म्हणलं, गुडघे धरलेत, उठवत न्हाई. चंची सोडून मधोमध बसले, पान लावलं. तो इकडून बघी, तिकडून बघी, मी आपली हायेच. डायवर तोंड फिरवून हसून राह्यला. शेवटी ऊन सोसंना, काढला फोटो माझ्यासकट. मी पदर नीट घेतला.

तुझी नोकरी जावी असं मला बिलकुल वाटत न्हाई. तुझ्या पहिल्या पगाराचं लुगडं नेसलेय, फोटोत दिसंल. ते बघ, अन् मंग लिही, माळ रिकामा हाये म्हणून.

काहीबी लिहिलंस तरी ह्या घरची भाकर तुझीच.

तुझी आजी कडूबाई