प्रशिक्षण मागणी अर्ज, पाने चार

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ९.१०
मोठं काम हाती आलंय, नोंद राहायला हवी. कुडाळच्या आमच्या काजू फॅक्टरीत कुणाला ट्रेनिंग हवं असलं की तो थेट मालकीणबाईंना, तेजस्वी मॅडमना, जाऊन विचारतो. त्या "बरं, जा" म्हणतात. ही काय पद्धत झाली? आज स्वतःच म्हणाल्या, लिनो, काहीतरी सुटसुटीत बसवा. बावीस वर्षं ऑफिस सांभाळतोय. दोन दिवसांत देतो म्हटलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
फॉर्म तयार. चारच पानं. 'या ट्रेनिंगची गरज आपणांस प्रथम केव्हा जाणवली?' हा प्रश्न खास माझा. बायकोला, ईडाला दाखवला. ती शाळेत शिकवते, तिला कळेल वाटलं. म्हणाली, "लोकांका शिकवतलस काय पळवतलस?" दुर्लक्ष केलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी
पहिला अर्ज! सुगंधाचा. सोळा वर्षं काजूगर निवडते. आता निवडायचं मशीन येतंय. ते चालवायला शिकली नाही तर कामच राहणार नाही म्हणते. ट्रेनिंग कोल्हापूरला, सतरा तारखेला. तिसरं पान कोरं. परत केला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
पुन्हा आली. सुपरवायझरची सही निळ्या शाईत. काळी हवी. परत. म्हणाली, "लिनोबाब, माका मशीन शिकूचा आसा, परीक्षा देवची नाय." भावनेवर सिस्टिम चालत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. दुपारी ३.४०
अर्ज अखेर बिनचूक. पण समितीची मंजुरी लागते. समिती म्हणजे मी. बैठक फक्त बुधवारी, म्हणजे एकोणीसला. सुगंधा अर्ज टेबलावर ठेवून गेली. वाईट वाटलं. तरी वाकणार नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी
सुगंधा कोल्हापुरात! मॅडमना विचारून गेली. मी तीव्र निषेध नोंदवला. मॅडमनी विचारलं, आजवर अर्ज किती आले? एक. त्यातून गेले किती? म्हटलं, प्रक्रिया प्राथमिक अवस्थेत आहे.

शनिवार, १ मार्च
मशीन सुरू. सुगंधा चालवते, शिवाय चार बायकांना शिकवते. कागद एकही नाही! जाब विचारायला गेलो. तिने स्टूल पुढे केलं. चाळीस मिनिटं बसलो. देखरेख म्हणून.

सोमवार, ३ मार्च
मॅडमनी फॉर्म रद्द केला. वर, मशीनचा रोजचा रिपोर्ट यापुढे ऑफिसने काढायचा. कसा, ते सुगंधाकडून शिकून घ्या म्हणाल्या. मी? तिच्याकडून? स्पष्ट नकार दिला. मनात.

मंगळवार, ४ मार्च. संध्याकाळी ६
शिकवणीचा पहिला दिवस. रिपोर्टऐवजी मशीन बंद पडलं. दोनदा. बायका हसल्या. सुगंधा नाही हसली. "घाबरा नको लिनोबाब, येतला हळूहळू." माझ्या मते मशीनची बटणं चुकीच्या जागी आहेत, आणि हे मी लेखी कळवणार आहे.
उद्या नऊला बोलावलंय. पावणेनऊला जाईन म्हणतो, कुणी यायच्या आत.