बोटीवर पहिला पाय कुणाचा

बाबा,

तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही आता कित्येक पावसाळे झाले, तेव्हा हे लिहिणं म्हणजे दोन्हीकडून वेडेपणाच. तरी लिहिते आहे, कारण गेला महिनाभर मला माणसांची शिसारी आली आहे आणि ती कुणापुढे ओकावी हे कळत नाही. कॉलनीतल्या बायकांना सांगावं तर शिसारी त्यांचीच. आईपुढे बोलायची सोय नाही. राहिलास तू. आणि आधीच सांगते, त्यांच्यावर तोंडसुख घेऊन झालं की मला तुझ्याकडेच वळायचं आहे.

मी आता बोईसरला असते. एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट आहे, कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या आहेत, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. आई किनाऱ्यावरचं आपलं नवापूर सोडायला तयार नाही, पण मासळी विकायला बोईसरच्या बाजारात आली की कधीमधी माझ्याकडे मुक्काम करते. कॉलनीत बायकांचं एक मंडळ आहे. हळदीकुंकू आणि पाककृतींच्या स्पर्धा करून कंटाळल्यावर यंदा त्यांनी सहल काढायची ठरवली. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने पणजी, दोन दिवस गोवा, मग ठरवलेल्या बसने कोल्हापूर, पन्हाळा, पुणं करत घरी. सगळ्या बायकाच, पुरुष एकही नाही. आखणी माझ्या गळ्यात पडली. "तू काय बाई, दर्याचीच मुलगी," असं म्हणाल्या. मला आधी बरं वाटलं, हे कबूल करते.

बाबा, सहलीला निघायच्या आधी माणूस किती हलकं होतं ते तू पाहिलं नाहीस. बोट सुटायला महिना होता आणि या डेकवरच्या जागेवरून भांडत होत्या. डेकवर जागा ठरलेली नसते, ज्याने चादर पसरली त्याची. तर पुढे धावून कुणी चादरी पसरायच्या, कुणाची चादर वाऱ्याच्या बाजूला, कुणाची संडासाच्या बाजूला, यावर तीन बैठका झाल्या. बसमधली मागची बाकं कुणालाच नकोत. एकीला दुसरीच्या शेजारी झोपायचं नाही, कारण ती घोरते. तिसरीला चौथी पंक्तीला नको, का ते ती उघड सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. सबंध प्रवासात मासळी चालणार नाही, असा ठराव झाला. ज्या बाईने तो मांडला तिनेच मला नंतर जिन्यात गाठून हळूच विचारलं, "गोव्याला बहीण आहे माझी, तिच्यासाठी सुके बोंबील आणशील का गं? नीट बांधून आण हं, वास नको सुटायला."  

आई हे सगळं ऐकून होती. एका संध्याकाळी पदराने हात पुसत म्हणाली, "मला बी नेशील काय गो?" मी थक्क झाले. ही बाई कधी जत्रेलासुद्धा हौसेने गेली नाही. म्हटलं, "गोव्यात काय बघायचंय तुला?" तर म्हणते, "गोव्यात काय नाय बगायचं. जल्मभर मी किनाऱ्यावर उबी ऱ्हायले. किनाऱ्यावर उबी ऱ्हायलेली बाय दर्यातशी केवडी दिसते, एवडंच एकदा बगायचं हाय."

मी त्याच रात्री तिचं नाव घातलं.

पुढची बैठक माझ्याच घरी होती. आई न्हाऊन, धुवट लुगडं नेसून आली आणि मी हाताला धरून खुर्चीवर बसवत असतानाही उंबऱ्याशीच बसली. चहाला मदत करते म्हणून एकजण आत गेली आणि सगळ्यांना कप देऊन आईला तेवढा स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन आली. पेला माझा, चहा माझा, घर माझं, आणि तो मी आईच्या हातात जाऊ दिला. मग अध्यक्षीणबाईंनी कुणाला काही विचारायचंय का म्हणून विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "बोटीवं पयला पाय कोन ठेवनार? आपल्यात गडी तर कोनच नाय." कुणाला काही कळेना. मला मात्र लगेच कळलं. मीच घाईघाईने म्हटलं, "अगं, कप्तान, खलाशी सगळे आधी चढलेले असतात की." त्यावर आई मान हलवून म्हणाली, "ते त्यांच्यातले. आपल्यातल्या गड्याचा पाय पायजे. बायमानसाचा पयला पाय व्हडीला चालत नाय."

सगळ्याच्या सगळ्या हसल्या. अध्यक्षीणबाई हसू आवरत म्हणाल्या, "आजींना नाही झेपायचं हे. आणि बस बंद असते ना, तासन् तास. वास कोंडतो." बाहेर कारखान्यांचा तो रोजचा उग्र भपकारा सुटला होता, त्याने डोळे चुरचुरत होते, खिडक्या त्यामुळेच लावलेल्या होत्या. त्या वासाबद्दल यांनी कधी चकार शब्द काढला नाही, कारण त्यावर यांच्या घरची चूल पेटते. आई उठली, पेला विसळून पालथा घातला आणि मासळीची पाटी घेऊन स्टँडवर गेली. मी दुसऱ्या दिवशी अध्यक्षीणबाईंना सांगून टाकलं, तुमची सहल तुम्ही आखा.

झालं त्यांचं. आता तू.

त्यांचा राग दोन दिवसांत ओसरला असता. पण त्या हसल्या, आणि मला तू दिसलास. मी सात-आठ वर्षांची आहे. भरती चढते आहे, तू होडीचा मुख्य, तांडेल, तुझी माणसं होडी पाण्यात ढकलताहेत, वर अजून कुणी चढलेलं नाही, आणि तुमचं भाकऱ्यांचं गाठोडं घरीच राहिलंय. आई ते डोक्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यात धावते. लाट तिला मागून ढकलते, ती पडू नये म्हणून होडीची कड पकडते आणि तिचा एक गुडघा वर चढतो. तू ओरडतोस, "उतर! उतर खाली! व्हडी बाटवलीस!" सगळ्या बंदराला ऐकू जातं. तिला लागलं का, हे तू विचारत नाहीस. होडी परत किनाऱ्याला ओढायला लावतोस. त्या दिवशी कुणी दर्यात जात नाही आणि दुपारभर आई पाण्यात उभी राहून होडी बाहेरून धूत असते, आतून धुवायला तुझा माणूस. त्या होडीचं इंजिन तिच्या पाटल्या मोडून आलं होतं. पाटल्या चालल्या, तिने सांधलेली जाळी चालली, तिच्या हातच्या भाकऱ्या चालल्या. गुडघा चालला नाही.

कड पकडताना तिच्या बांगड्या फुटल्या होत्या. पुढच्या आठवड्यात तू चिंचणीहून तिला हिरव्या बांगड्या आणल्यास, आणि ती त्या सगळ्या पाड्यात दाखवत फिरली. मला तुझ्या ओरडण्यापेक्षा त्या बांगड्यांची जास्त किळस येते. मंडळातल्या बायका निदान तिला ओळखत नव्हत्या. तुझ्याशी तिने संसार केला होता.

आता सहल आमची आहे. मी, आई आणि पाड्यातल्या दोघीजणी. बोट तीच, तारीख निराळी, परतीला एसटी बदलत बदलत यायचं. दर बंदरात बोट थांबेल, लोक उतरतील, आणि किनाऱ्यावर कुणी ना कुणी बाई उभी असेलच, म्हणजे आईला हवं ते दिसेल. सगळं ठरलं, तिकिटं आली, आणि परवा आई पुन्हा तेच म्हणाली. पयला पाय गड्याचा पायजे. मी चिडून म्हटलं, "मग राहा किनाऱ्यावरच." ती शांतपणे म्हणाली, "ऱ्हाते." आणि मला कळलं की ती खरंच राहील. धक्क्यापर्यंत येईल, आम्हाला हात करील आणि परत फिरेल. तू तिला इतकं पक्कं बांधून गेला आहेस.

म्हणून काल मी तिची पत्र्याची पेटी उघडली आणि तुझ्या चपला काढल्या. पालघरच्या कचेरीत जाताना घालायचास त्या. ती दर दिवाळीला त्यांना खोबरेल लावते, कातडं अजून मऊ आहे. "आपल्यातला गडी हा चालेल का?" म्हणून विचारलं. तिने त्या हातात घेऊन उलटून पाहिल्या. मग म्हणाली, "मालकाला चालंल काय, चपला व्हडीवं?" कारण होडीवर चप्पल घेऊन कुणी चढलं की ती तू दर्यात भिरकावून द्यायचास. मी म्हटलं, "नाही चालणार. तरी जाऊ." तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. मी तिला असं हसताना फार दिवसांनी पाहिलं.

तर उद्या सकाळी मी तुझ्या चपला बोटीवर आधी ठेवीन, मग आई चढेल. तुझ्या नियमातून तिला सोडवायचं तरी तूच लागतोस, याचा मला उबग आला आहे, आणि तो बोट पणजीला लागल्यावरही जाईल असं वाटत नाही.

हे कागद मी चुलीत घालणार आहे. त्याआधी एक सांगून टाकते. पणजीला उतरलो की त्या चपला तिथेच धक्क्यावर टाकून यायच्या, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आईला बोलले नव्हते. दोन पिशव्या भरल्या, एक बोटीची आणि एक परतीच्या एसटीची. आत्ता पाहिलं तर एसटीच्या पिशवीत तळाला एक कोपरा रिकामा आहे, बरोबर चपलांच्या एका जोडापुरता, वर वर्तमानपत्रही घडी करून ठेवलेलं. ती पिशवी आईने भरलेली नाही, मी भरली आहे.