सिरिलच्या बंदुकीचा दस्ता

सोमवार, ६ नोव्हेंबर

विकायचीच! आज ठरवलं. आजार कळला आणि दोन आठवड्यांत सिरिल गेला, त्याला आता महिना होईल. त्याच्या खुर्चीत बसवत नाही, दुसरीकडे करमत नाही. नुसती या खोलीतून त्या खोलीत. तिकडे समुद्रकाठी वेस्टनला बहीण घसा कोरडा करतेय— ‘आयव्ही, माझ्या शेजारची खोली रिकामी झालीय, नाताळाच्या आत ये!’ खोलीची अनामत भरायची तर घरात विकण्यासारखी एकच वस्तू आहे, कपाटातली छऱ्याची बंदूक. सिरिलच्या वडिलांची, युद्धाच्या आधीची, इथल्याच बर्मिंगहॅमची. काय भाव येतो देव जाणे.

काल पाच तारखेची शेकोटी, दरवर्षीसारखे रात्रभर फटाके. डोळ्याला डोळा नाही.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

विल्फ येऊन गेला. ‘ट्रम्पेट’ पबातल्या नेमबाजांचा, सिरिलच्या संघाचा कप्तान. चहाला नको म्हणाला, तेव्हाच ओळखलं, याच्या मनात काहीतरी आहे.

“बंदूक मला दे, आयव्ही. साठ पौंड देतो. दुकानदाराकडे नको नेऊस, ते लोक उगाच कीस काढतात.”

साठ! मी काय दुधखुळी आहे? तसं म्हटलंसुद्धा. तर मांडीवरची टोपी गोल गोल फिरवत बसला. दर मंगळवारी पबात उभा राहून लोखंडी पत्र्याच्या वाटाण्याएवढ्या भोकातून छर्रा घालतो, मागची घंटा वाजवतो— आणि माझ्याकडे बघताना नजर चुकवतो!

बुधवार, ८ नोव्हेंबर

बंदूक स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतली. पितळेचं पॉलिश लावून चापाभोवतीचं लोखंड लख्ख केलं. आता कोण साठ म्हणतो बघू.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

बोलणी खाऊन आले! किडरमिन्स्टरला हॅडलींच्या बंदुकांच्या दुकानात गेले, तर त्यांनी बंदूक हातात घेतली आणि तोंड वाकडं केलं. “घासायला कुणी सांगितलं होतं, बाई? या जुन्या काळपट रंगाचेच तर पैसे असतात.” शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिले. मग त्यांनी भिंग लावून आकडे वाचले, नळीवरचा आणि चापाजवळचा. दोन्ही जुळले, म्हणजे भाग मूळचेच, तेव्हा जरा खुलले. पण दस्त्याच्या टोकाचं रबर काढलं आणि शीळच घातली.

दस्ता कापलाय! चांगला दोन बोटं.

“आतलं लाकूड बघा किती गोरं आहे. हा काप जुना नाही, यंदाचाच.” मग दस्ता कोपराच्या बेचक्यात टेकवून चापापर्यंत बोट नेलं. मापं अशीच घेतात म्हणे. त्यांचं बोट चापाच्या पुढे गेलं. “आखूड हाताच्या माणसासाठी कापलीय. तुमचे यजमान ठेंगणे होते का?”

ठेंगणा! सिरिल वरच्या फळीवरचा डबा स्टुलाशिवाय काढायचा.

“अशीच विकलीत तर ऐंशी. तो कापलेला तुकडा शोधून आणलात तर मी बेमालूम जोडतो. मग तीनशेला मरण नाही.”

बसमध्ये सगळा वेळ एकच. कुणासाठी कापली?

शुक्रवार, १० नोव्हेंबर

मागची शेड पालथी घातली. तुकडा नाही. करवतीवर गंज चढलाय, भुसा नावाला नाही. म्हणजे घरी कापलेलीच नाही.

शनिवार, ११ नोव्हेंबर

ग्लेनिस.

‘ट्रम्पेट’ची मालकीण. एवढीशी बाई, गल्ल्यामागे खोक्यावर उभी राहते तेव्हा कुठे दिसते. दोन वेळा विधवा. हात पोरीसारखे आखूड. नेम शिकवत होता वाटतं तिला! वडिलांच्या बंदुकीला करवत लावली तिच्यासाठी! माझ्यासाठी कधी एक खुंटी ठोकली नाही. उन्हाळ्यात पडदे टांगायला सांगितले की काढता पाय घ्यायचा. आणि मंगळवारी जाताना मात्र माझ्यासमोर मान उंच करून उभा— “कॉलरचं बटण तूच लाव गं, तुझ्या हाताने बरं लागतं.” मी आपली लावायची. म्हातारा लाडात आलाय असं वाटायचं मला! मीच त्याला नटवून तिच्याकडे पाठवत होते.

मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. बशी फोडली. मुद्दाम.

रविवार, १२ नोव्हेंबर

चर्चमध्ये युद्धात गेलेल्यांसाठी सगळे माना खाली घालून उभे. मी ग्लेनिसच्या हातांचा विचार करत होते. देवा, क्षमा कर.

बाहेर विल्फला गाठलं. कोटावर लाल कागदी फूल, चेहरा त्याहून लाल. कुणासाठी कापली म्हणून विचारलं.

“नको विचारूस, आयव्ही. मी शब्द दिलाय.”

शब्द दिलाय! म्हणजे आहेच.

सोमवार, १३ नोव्हेंबर

काही नाही. तीनदा जिना पुसला.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

गेले. ‘ट्रम्पेट’मध्ये सामना चालू होता. चीज-कांद्याचे पाव कुणीतरी भलतेच जाड कापले होते, एरवी मीच घरून करून पाठवायची. गुण लिहितात त्या टेबलापाशी बसले. पिशवी पडली म्हणून वाकले, तर टेबलाच्या एका पायाखाली अक्रोडाच्या लाकडाचा तुकडा. दोन बोटं जाड. तोच रंग, तीच गोलाई. ओढून काढला! टेबल कललं, बिअर सांडली, सगळे ओरडले. मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले.

“तुझ्यासाठीच कापली ना गं? सांग की सगळ्यांसमोर!”

ग्लेनिसच्या हातातला ग्लास तसाच राहिला. “माझ्यासाठी?” मग विल्फकडे वळून म्हणाली, “आता तू तिला सांगतोस का मी सांगू?”

ऐकायला थांबलेच नाही. घरी येऊन तुकडा लावून पाहिला. अगदी बसतो. तीनशे पौंड. उद्या हॅडलींकडे. मग वेस्टन, आणि हे तोंड पुन्हा इकडे दाखवायचं नाही.

बुधवार, १५ नोव्हेंबर

सकाळीच विल्फ दारात. आज चहा घेतला.

“त्याने स्वतःसाठीच कापली, आयव्ही. मे महिन्यापासून हात वर जात नव्हता त्याचा, पुढे ताणता येत नव्हता. मी बंदूक धरली, ग्लेनिसने दार लावून घेतलं. तुकडा टेबलाखाली सरकवून म्हणाला, मी नाही तर नाही, टेबल तरी सरळ उभं राहू दे. आणि आयव्हीला सांगाल तर याद राखा, ती मंगळवार बंद करेल.”

केलाच असता.

कॉलरपर्यंतसुद्धा हात जात नव्हता.

दुपारी ‘ट्रम्पेट’ला गेले. पिशवीतून तुकडा काढून ग्लेनिसला दाखवला. तिने टेबलाची कड उचलून धरली. मी गुडघ्यांवर बसले आणि तुकडा पायाखाली परत सरकवला.