सासूबाईंचा पिंजरा

३ मार्च

...त्या सकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. चहा उतू चाललेला, एक चादर अजून ओली, आणि हे मागच्या अंगणातून ओरडले, "अगं, सासूबाईंना पाणी दिलंस का?" मी म्हटलं, "सासूबाई तुमच्या, तुम्हीच द्या!" हसले. एवढंच. विशेष काही नाही. आज पाण्याची वाटी धुताना आठवलं.

सासूबाई म्हणजे आमची साळुंकी. दिवसभर कटकट करते म्हणून ह्यांनी ठेवलेलं नाव. माझ्या आईला कळलं असतं तर! सापळ्याच्या आतल्या खणात ती बसते, ओरडते. बाहेरच्या साळुंक्यांना वाटतं, कोण ही परकी आपल्या हद्दीत? भांडायला येतात आणि बाहेरच्या खणात अडकतात. मग त्यांची मान मोडायची. हे गेल्यापासून ते काम माझ्याकडे.

११ मार्च

डाकघराच्या छपराखालचं पिवळ्या पाखरांचं घरटं आज रिकामं. पिल्लं खाली फरशीवर. साळुंक्या घरट्याशेजारी बसून वरून बघत होत्या — तोरा असा, की छप्पर त्यांच्या बापाचं!

ही छोटी पिवळी पाखरं जगात फक्त आमच्या तीन बेटांवर. आमच्या बेटावरचं हे शेवटचं घरटं होतं. पोस्टमास्तर म्हणाला, "काकू, झाडून टाकू का?" म्हटलं, "नको, मी उचलते." रुमालात घेतली. वजनच नाही.

१२ मार्च

मी शाळेत गेले नाही. वाचायला शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून, मग ह्यांच्या वनखात्याच्या पुस्तकांवरून, ओळीखाली बोट धरून. त्यात लिहिलंय, साळुंकी इथली नव्हे. कुणीतरी हौसेने बोटीतून आणली. तिचा काय दोष? पण मग पिल्लांचा तरी काय होता?

तिन्ही बेटांचा करार होता — आमचं, मधलं, पलीकडचं. आम्ही आणि मधल्यांनी एकाच वेळी धरायच्या, पलीकडच्यांनी धक्क्यावर राखण करून एकही उतरू द्यायची नाही. एकाने हात आखडला की बाकीच्यांची मेहनत मातीत. मधल्या बेटाने गेल्या वर्षी सापळे उचलले. हॉटेलातल्या पाहुण्यांना मेलेले पक्षी बघवत नाहीत म्हणे. आता तिथून थवे इकडे. मी धरते, ते येतात. मी धरते, ते येतात.

१५ मार्च

नणंदेचा फोन, मधल्या बेटावरून.

"वहिनी, अजून माना मोडतेयस? दादा गेला, आता तरी सोड की. माझ्या खिडकीत चार येतात. हातातून बिस्कीट घेतात, इतक्या गोड!"

"गोडच असतात."

"मग?"

"तुझ्या चौघींची पोरं माझ्या छपरावर आहेत."

"चारांनी काय होतंय गं! तू पण ना, अगदी दादासारखी."

तिने टोमणा मारला असेल. मला बरं वाटलं.

२० मार्च

वनखात्याचे साहेब आले. करार संपला, पुढचा होणार नाही. महिनाअखेर सापळे जमा करायचे.

"आणि सासूबाईंचं काय?" तोंडातून निघून गेलं. साहेब दचकले — "आहेत त्या अजून?" मी पिंजरा दाखवला. हसले बिचारे. म्हणाले, "ठेवा घरी. एकटी मादी, काय करणार? मी काही पाहिलं नाही."

भला माणूस आहे. सगळेच भले आहेत. कुणालाच वाईट व्हायचं नाही.

२३ मार्च

पलीकडच्या बेटावर साळुंकी कधीच नव्हती. आज तिथल्या धक्क्यावरच्या राखणदाराचा फोन. मालाच्या बोटीतून एक उतरलीय. नर असावा. तारेवर बसून सारखा हाका मारतो.

"ताई, सापळा आहे, पण आत बसवायला पक्षी नाही. पुढच्या बोटीतून मादी आली की आमचंही तुमच्यासारखंच होणार. तुमची द्याल?"

साहेबांना विचारलं. करार असता तर चाललं असतं म्हणाले. आता जिवंत पक्षी बेटाबाहेर न्यायला बंदी. अर्ज करा, बघू.

हे सांगायचे, स्वच्छ, म्हणजे साळुंकी नसलेल्या, बेटावर नेलेला पक्षी परत बोटीत चढवायचा नाही. जाताना जोखीम घ्यावीच लागते. येताना धक्क्यावर दार निसटलं, तर आपणच साळुंकी नेऊन सोडली असं होईल. म्हणजे नेली की तिथेच संपवायची.

ह्यांनी तिला पिल्लू असताना आणलं होतं. चिमट्याने भरवलं. दिवसभर ह्या घरात तिच्याशिवाय कुणी बोलत नाही. मीसुद्धा तिच्यामुळेच बोलते.

२४ मार्च

अर्ज केला नाही.

२५ मार्च

पहिल्या बोटीने पलीकडच्या बेटावर गेले. सासूबाईंना भाजीच्या टोपलीत घातलं, वर ओला टॉवेल. वाटेत एकदाही ओरडल्या नाहीत. तिकडे झाडाझाडावर पिवळी पाखरं आहेत, मी मोजली नाहीत. दुपारी तो नर सापळ्यात उतरला. भांडला नाही, जाळीला लागून तिच्याशेजारी बसला. आधी त्याची मान मोडली. मग सासूबाईंची.