चरबी जळण्याचा आवाज

धाकट्या,

तुला 'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

ताई तीन दिवस हॉस्पिटलात आहे. प्रेशर चढलंय, हृदयाचे ठोके बिघडलेत. तुझ्या वजन घटवण्याच्या केंद्रात तू दर सोमवारी तिला काट्यावर उभं केलंस, वजन उतरवायच्या गोळ्या हातात ठेवल्यास, पण ब्लडप्रेशर एकदाही मोजलं नाहीस, कारण आकडा पाहून गिऱ्हाईक बिचकतं. छाती धडधडते म्हणाली, तर तू हसलास, "ताई, चरबी जळतेय, आवाज तर होणारच!" किळस येते मला त्या हसण्याची.

आणि माझीही. केंद्राच्या उद्घाटनाला अर्धा तास गर्जलो तो मीच. पहिल्या रांगेत बसलेली ताई त्याच भाषणाला भुलली.

डॉक्टर तिला विचारतात, "कुठल्या गोळ्या घेत होतात? ते कळल्याशिवाय मी औषध ठरवू कसं?" तुला वाचवायला ती तोंड उघडत नाही. काल मीही तिथेच उभा होतो आणि भर सभेत कधी न अडखळणारा मी गप्प बसलो.

हे पत्र तुला पाठवणार नाही. ताईच्या पर्समधल्या तुझ्या गोळ्यांसोबत आत्ताच डॉक्टरांच्या हातात देतो आहे.

तुझा नाही, ताईचा भाऊ