वहिनींना ‘द्या’ म्हणालो

गडब, मंगळवार संध्याकाळ

शाळेत लस घेतल्यानंतर माझ्या सुमीचा अर्धा चेहरा लुळा पडला. असं फार क्वचित होतं, हळूहळू बरं होईल, असं पेणचे डॉक्टर म्हणाले.

आज शेजारच्या वहिनी आल्या. “भावोजी, आमच्या पिंकीला उद्या लस हाय. देऊ का नको?”

मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. “द्या,” म्हणालो.

“सोताच्या पोरीचं बघून बी?” म्हणत त्या निघून गेल्या.

मनापासूनच सांगितलं ना मी? मग ‘द्या’ म्हणताना सुमीशी दगा केल्यासारखं का वाटलं? तिची आई असती तर तिला विचारलं असतं.

सुमीनं आतून सगळं ऐकलं होतं. जेवताना तिच्या ओठाच्या कडेनं वरण ओघळलं. एरवी पुसायला गेलो की ती हात झटकते. आज पुसू दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.